बिजलीने प्यालेला चीक

केडगाव, अहमदनगर
शुक्रवार, १६ जानेवारी १९९८

प्रिय पुष्पावहिनी,

सप्रेम जयभीम. आधी खुशाली विचारून मग सावकाश मुद्द्यावर यायची रीत आहे, पण आज मला तेवढा दम निघत नाही. तीन वर्षांत नणंदेने एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम जाड पाकीट आलं, म्हणून तू घाबरली असशील. बातमी वाईट नाही. एवढं मात्र सगळ्यांत आधी वाच. आमच्या घरून आलेल्या सोडचिठ्ठीच्या कागदावर सही करू नकोस. केली असशील तर तो कागद ट्रंकेच्या तळाशी टाक. पंचवीस तारखेच्या रविवारी बेलापूरच्या विहारात बैठक आहे, तोवर थांब.

का, ते ऐक. ती वासरं तुझ्या पायाने मेली नाहीत, वहिनी. माझ्याकडे पुरावा आहे. बोटभर रुंदीच्या पांढऱ्या कागदाच्या चौदा पट्ट्या, आणि हे लिहिताना त्या माझ्यासमोर टेबलावर वाळत पडल्यात. कालपासून मी त्यांच्याकडे इतक्या वेळा बघितलं की आमच्या मॅडम म्हणाल्या, "अश्विनी, दृष्ट लागेल त्यांना."

मी इथे काय करते ते तुला कुणी सांगितलं नसणार. एम.एस्सी. झाल्यावर केडगावला जनावरांच्या रोगांच्या एका छोट्या प्रयोगशाळेत लागले. दोन खोल्या, एक फ्रीज, एक मॅडम आणि मी. वासरांना होणारी पांढरी हगवण हा आमचा विषय. आई म्हणाली, "येवढं शिकून शेवटी शेनच चिवडायचं." ते अगदी खरं आहे.

ह्या हगवणीमागे पुष्कळदा एक विषाणू असतो. फार मोठ्या सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या कडेने मुकुटासारखे काटे दिसतात, म्हणून त्याला कोरोना म्हणतात. नाव लक्षात राहिलं नाही तरी चालेल, गोठ्याबाहेर त्याला कोण विचारतंय. त्याचा जोर थंडीत. मोठी गाय चार दिवस आजारून बरी होते, आठ-दहा दिवसांचं वासरू मात्र पाणी पाणी होऊन जातं. तू लग्न होऊन आलीस त्यानंतर तांबडीची दोन आणि काळीचं एक वासरू गेलं, ते कोणत्या महिन्यांत, आठव. दोन डिसेंबरात, एक जानेवारीत.

आता पट्ट्यांचं सांगते. विषाणूचं अंग बरंचसं प्रथिनांचं असतं. काट्यांचं प्रथिन वेगळं, आतल्या गाठोड्याचं वेगळं. ती सुटी करून आम्ही जेलच्या एका पातळ वडीत वरून सोडतो आणि वीज लावतो. जत्रेत रेटारेटी झाली की पोरं पायांमधून पुढे निसटतात आणि जाडी माणसं मागे अडकतात, तशी लहान प्रथिनं खाली पळतात आणि मोठी वर राहतात. ती जेल दिसते कशी म्हणशील तर थेट... जाऊ दे, ते मागाहून सांगते. मग ती सगळी रांग जशीच्या तशी पांढऱ्या कागदावर उतरवायची, कागदाच्या पट्ट्या कापायच्या, आणि रक्त गोठल्यावर वर जे पाणी सुटतं त्यात एकेका वासराची एकेक पट्टी भिजवायची. वासराच्या रक्तात ह्या विषाणूशी झुंजणारी प्रथिनं असली तर ती कागदावरच्या आपल्या वैऱ्याला बरोबर हुडकून चिकटतात. शेवटी रंगाचं औषध टाकलं की तिथे तपकिरी रेघ उमटते. नसली तर पट्टी कोरी.

सांगायला सोपं आहे. करायला मला चार महिने लागले. पहिल्या जेलच्या वेळी वीज गेली ती दोन तास आलीच नाही, आणि प्रथिनं शाई सांडावी तशी पसरून बसली. दुसऱ्या वेळी मीच तारा उलट्या लावल्या, आणि सगळे नमुने खाली जायच्या ऐवजी वर पळून भांड्यातल्या पाण्यात गेले. मॅडमनी माझ्यासाठी नुसता चहा सांगितला. तो चहा मला शिव्यांपेक्षा कडू लागला.

नमुने सगळे बेलापूरचे. दादा दूध संकलन केंद्रावर असतो, त्यामुळे कुणाची गाय व्याली ते त्याला लगेच कळतं. तो फोन करायचा, मी एस.टी.ने जाऊन दोन दिवसांच्या वासराचं चमचाभर रक्त घ्यायचे, गाईचंही घ्यायचे, आणि एकच प्रश्न विचारून वहीत लिहायचे: वासराला पहिला चीक कधी पाजला? बाटल्यांवर नुसते आकडे. वही मॅडमच्या कपाटात, कुलपात. पट्टी वाचताना कोणतं वासरू कुणाचं हे मला आठवू नये आणि मनाचे खेळ होऊ नयेत, म्हणून.

काल दुपारी रंग टाकला. आधी काहीच नाही. मग तिसऱ्या पट्टीवर एक फिकट रेघ, तिच्यावर दुसरी, मग पाचवीवर, सातवीवर. आठ पट्ट्यांवर रेघा आल्या, सहा कोऱ्या राहिल्या. मॅडमनी वही काढली. त्या वाचत गेल्या आणि मी पट्ट्यांवर बोट ठेवत गेले. रेघा आलेल्या आठही वासरांना जन्मल्यावर तासा-दोन तासांत चीक मिळाला होता. कोरी सहाही वासरं आपल्यासारख्या घरची, जिथे वासरामागून गाईची वार पडेपर्यंत वासराला कासेला लावत नाहीत. वार संध्याकाळी पडो की दुसऱ्या दिवशी, तोवर वासरू दाव्याला आणि चीक चुलीवर, खरवसाला. त्या सहांतली चार एव्हाना गेली आहेत. आठांतल्या एकाला हगवण लागली होती, तेही उठून उड्या मारतंय.

आणि गाई? चौदाही गाईंच्या वेगळ्या केलेल्या पट्ट्यांवर गडद रेघा. मेलेल्या वासरांच्या आयांच्यासुद्धा. म्हणजे झुंजणारी प्रथिनं गाईच्या अंगात होती, चिकात उतरली होती, वासराच्या तोंडापासून हातभर लांब होती. वासरू गाईच्या पोटात असताना त्याला ह्यातलं काही मिळत नाही. जे मिळायचं ते पहिल्या चिकातून, तेही पहिल्या काही तासांत. दिवस उलटला की आतड्याचं दार बंद होतं.

मॅडमनी मला जमिनीवर आणलं. म्हणाल्या, "चौदा वासरांवर जग हलत नाही. अजून शंभर आण." आणीन. पण मला जग हलवायचं नाही, बेलापूरची एक बैठक हलवायची आहे. आईने दादासाठी दुसरी मुलगी बघून ठेवली आहे, आणि दादा नेहमीसारखा गप्प आहे.

तीन वर्षांपूर्वीची ती दुपार तुला विसरायला सांगणारी मी कोण? आई बाजाराला गेलेली, काळी व्याली, वार पडली नव्हती, आणि तू वासराला कासेला लावलंस. आई आली तर कास रिकामी. तू म्हणालीस, वासराला पाजला. कुणी खरं मानलं नाही. चीक चोरून शेजारच्या रंगुबाईकडे नेला, करणीला नेला, असं झालं. आई म्हणाली, "बघितलंय बघनाऱ्यानं." दुसऱ्या दिवशी तुला खर्ड्याच्या एस.टी.त बसवलं. पण तू पाजला होतास. ते मला ठाऊक आहे. कसं, ते आज विचारू नकोस.

आणि वासरू जगलं. तू ज्याच्या डोळ्यावरून हात फिरवून बिजली म्हणालीस, तीच ती. घरात काय म्हणायला लागले ठाऊक आहे? पांढरा पाय गेला आणि वासरू वाचलं. तू जगवलेलं वासरू तुझ्याच विरुद्ध साक्षीला उभं केलं. आमच्या आजोबांनी छप्पन साली घरातले सगळे देव प्रवरेत सोडले. पायगुण तेवढा पोहून परत आला असावा.

आणखी एक, जे तुला कुणी कळवलं नाही. शहाण्णवच्या डिसेंबरात तांबडीचं अजून एक वासरू गेलं. तेव्हा तू खर्ड्यात होतीस. आईने शेजारीपाजारीही कळू दिलं नाही.

बिजली आता गाभण आहे, पंधरा-वीस दिवसांत व्येईल. आणि जेल कशी दिसते ते सांगायचं राहिलं. खरवसासारखी. तशीच थरथरते. साध्या दुधाचा खरवस का होत नाही, तर त्याला घट्टपणा येतो तो ह्याच प्रथिनांनी. विस्तवावर ती मरतात आणि गोठतात. लहानपणी मी वाटी चाटूनपुसून काय खायचे ते मला काल कळलं. ह्याबद्दल आणखी लिहायचं होतं, पण पोस्टाची पेटी पाचला उघडतात.

सही करू नकोस.

तुझी
अश्विनी


केडगाव
मंगळवार, २७ जानेवारी १९९८

प्रिय वहिनी,

जयभीम. तुझं उत्तर आलं नाही, पण बैठकीला खर्ड्याहून कागदही आला नाही. तुझे अण्णा श्रीरामपूरकडच्या टोळीवरून, ऊस तोडता तोडता तसेच उठून आले होते. पंचांनी कागद विचारला तर म्हणाले, "पोरगी म्हनली, आधी आयकून घ्या." मी तिथल्या तिथे उड्या मारायचीच बाकी होते.

विहारात पंचवीसएक माणसं होती. पट्ट्या मी दोन काचांमध्ये बसवून नेल्या होत्या. बोलले चांगली, वहिनी. काटे, वीज, रेघा, चीक, काही सोडलं नाही. काच हातोहात फिरली. पोरं तिच्यातून एकमेकांकडे बघून घेत होती, पण बायका नीट बघत होत्या. ज्यांच्या घरची वासरं गेली होती त्या दोघी तर काच खाली ठेवेनात. मला वाटलं, जिंकलं.

मग आई उठली. "ह्ये गावच्या वासरांचं झालं. आमच्या बिजलीनं चीक कुठं पिला हुता? तो तर त्या बाईनं लोट्यातनं नेला. बिनचिकाची बिजली जगली ना? ती बाई गेली म्हनून जगली. त्याचं काय सांगती तुजी पट्टी?"

पट्टी काय सांगणार? बिजलीचं त्या दिवसाचं रक्त कुणी घेतलेलं नाही. जे रक्त घेतलंच नाही त्याबद्दल पट्टी बोलत नाही. चौदा पट्ट्या, चार महिने, सगळं तिथे येऊन अडलं. आता ते सांगू शकणारं एकच माणूस होतं, आणि ते काच हातात धरून उभं होतं.

वहिनी, त्या दुपारी दारात मी होते. तू वासराचं तोंड कासेला लावताना, ते ढुशा देत पिताना, मी सगळं बघितलं. हॉस्टेलच्या मैत्रिणींना खरवस आणते म्हणून मी डबा घेऊन आले होते. रिकामा डबा परत न्यायचा म्हणून मला राग आला. आईने "चीक कुठंय" म्हणून विचारलं तेव्हा मी म्हणाले, "वहिनी लोटा घेऊन रंगुबाईकडे गेली होती." त्यातला शब्द न शब्द खरा होता. तू गेली होतीस. वासराचं तेवढं मी गिळलं. वाटलं, आई दोन शिव्या देईल आणि विषय संपेल. दुसऱ्या दिवशी तुझी पिशवी दारात बघितली तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही, आणि नंतर तर रोज उशीर होत गेला. एका डब्यापायी, वहिनी. तेव्हापासून खरवस माझ्या घशाखाली उतरत नाही, पण त्याने तुला काय मिळालं?

हे सगळं मी विहारात, उभ्याने, माईकशिवाय सांगितलं. मग मागून रंगुबाई उठली. चिडली होती. "ऊन पानी न्यायला आल्ती ती माज्याकडं. काळीला गूळपानी पाजायचं हुतं आन यांची चूल इजली हुती. लोटा रिकामा हुता. मला कुनी इचारलं असतं तर सांगितलं असतं. तीन वर्सात कुनी इचारलंच न्हाई."

आई माझ्याकडे वळली. "खरवसापायी?" एवढंच म्हणाली आणि बाहेर निघून गेली. पंचांनी वडिलांना विचारलं, "रखमाजी, आता काय?" तात्या म्हणाले, "ऱ्हाऊ द्या कागद. खोटं आमच्याच घरात निगालं." तुझ्या अण्णांनी डोळे पुसले, आणि ऊस भरायचा आहे म्हणून आल्या पावली परत गेले.

सोडचिठ्ठी झाली नाही. दादा तीन वर्षांत पहिल्यांदा आपणहून बोलला, मी न्यायला जातो म्हणाला. मी त्याला सांगितलं, आधी तिला विचारू दे. आता सगळं तुझ्या हातात आहे. यावंस असं मला फार वाटतं, पण मला वाटण्याला काही अर्थ उरलेला नाही. आई माझ्याशी बोलत नाही. काल मात्र बिजलीपाशी बसून तिने मला, माझ्याकडे न बघता विचारलं, "वार पडायच्या आदी पाजायचा म्हंजी किती आदी?"

मला माफ कर असं लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. मॅडम म्हणतात ते बरोबर आहे, जे बघितलं ते आधी लिहावं, काय मागायचं ते नंतर. मी बघितलं ते लिहिलं आहे.

तुझं घर मोडणारी
अश्विनी


खर्डा, ता. जामखेड
३ फेब्रुवारी १९९८

अश्विनीताई यांस पुष्पावतीचा जयभीम.

दोन्ही पत्रं पोचली. पहिलं वाचता वाचता अंगणवाडीतली सुकडी करपली, पोरांनी तशीच खाल्ली. रात्री आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. जत्रेतल्या जाड्या माणसांचं ऐकून ती लई हसली. मग म्हणाली, "म्हंजी वासराला ठावं हुतं, मानसाला न्हाई."

तसंच होतं. मला प्रथिनं माहीत नव्हती. वासरू उभं राहिलं आणि थेट कासेकडं गेलं. मी मागं ओढलं, ते परत गेलं. आधीच्या तीन वासरांना मी दाव्यानं बांधून ठेवलं होतं, तुमच्या आईंनी सांगितलं म्हणून. चौथ्या वेळी हात उठले नाहीत. तेव्हा ती वासरं माझ्यामुळं मेली नाहीत असं तुमची पट्टी म्हणते ते मला पुरतं पटत नाही. पाय नसेल, पण दावं माझ्या हातात होतं. हे मी कुणाला बोलले नव्हते. तुम्ही बोललात म्हणून मीही लिहिलं.

लोट्याचं तुम्ही सांगितलं हे मला ठाऊक नव्हतं. तीन वर्षं मी रंगुबाईंवर राग धरून बसले होते. आता तो राग तिथून उचलून तुमच्याकडं आणायचा, तर मन ऐकत नाही, पत्रावर तुमचं अक्षर दिसलं की आधी आनंदच होतो. राग येईल सावकाश. तो आला की भांडू, मग बघू. रंगुबाईंना मात्र माझा जयभीम सांगा, आणि मी चुकले म्हणून सांगा.

यांना आत्ता न्यायला पाठवू नका. मी येणार आहे. पण बिजली व्याल्यावर महिन्यानं. आत्ता आले आणि वासरू दगावलं तर माझा पाय वाईट. जगलं तर म्हणतील, बघा, आता पाय चांगला निघाला. मला चांगला पायही नको, ताई. वार पडायच्या आधी आईंनी स्वतःच्या हातानं चीक पाजावा. तेव्हा मी चार तालुके लांब असले पाहिजे. जगलं तर चिकानं जगू द्या, मेलं तर त्या काटेवाल्यानं मरू द्या. तुम्ही वही जशी कुलपात ठेवता, तशी मला महिनाभर खर्ड्यात ठेवा. तुमच्या तपासणीत माझा पाय मिसळू नका.

पंधरावी पट्टी कशी निघते ते कळवा. रेघा आल्या तरी मी येईन, कोरी निघाली तरी येईन. एवढं यांना आणि आईंना आजच सांगून ठेवा.

तुम्ही सही केली आहे, घर मोडणारी. तसं पुन्हा लिहू नका. एका पोरीच्या एका वाक्यानं मोडावं इतकं ते घर कच्चं होतं, मला त्याचंच जास्त वाईट वाटत आलं आहे. येताना मी ते बघूनच पाय ठेवीन.

दावं सोडणारी
पुष्पावती